मुठीतला पीळ

हलका एक्सलेटर म्हणजे चांगला एक्सलेटर, असं मानणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. हलकेपणा हवाच, पण तो नंतरचा. मूठ पिळताना हाताला जो विरोध होतो त्यातला स्प्रिंगचा किती आणि घर्षणाचा किती, हे आधी पाहावं. स्प्रिंगचा व्यवहार चोख असतो. उघडताना घेतलेलं सगळं ती मिटताना परत करते. घर्षण जातानाही घेतं आणि येतानाही घेतं. जाम झालेला एक्सलेटर मोकळा करायचा म्हणजे घर्षण घालवायचं आणि स्प्रिंगला शक्यतो हात लावायचा नाही. आपल्याकडे बऱ्याचदा नेमकं उलटं होतं. स्प्रिंगवर पक्कड चालते आणि घर्षण जिथल्या तिथे राहतं.

हे समजून घ्यायला जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५० इतकी सोयीची गाडी नाही. एक सिलिंडर, एक केबल आणि मिक्कार्ब व्हीएम २४ हा कार्बोरेटर. झाकलेलं, लपवलेलं काही नाही. रबरी मुठीच्या आत प्लॅस्टिकची नळी, ती हँडलच्या पाइपवर फिरते. नळीच्या आतल्या टोकाला खाच असते आणि त्या खाचेत केबलचं निप्पल बसतं. तिथून केबल हेडलाइटच्या मागे वळते, स्टिअरिंगच्या मानेला वळसा घालते, टाकीखालून जाते आणि कार्बोरेटरच्या टोपीत उतरते. टोपीखाली स्प्रिंग, स्प्रिंगखाली गोल स्लाइड, स्लाइडमध्ये लटकलेली सुई. मूठ पिळली की स्लाइड वर उचलली जाते, हवेची वाट उघडते, सुईभोवतीची पेट्रोलची फट मोठी होते. हात आणि इंजिन यांच्यात एक तार आहे, बाकी कोणी नाही. म्हणून या गाडीची मूठ चांगली असली तर फार चांगली असते, आणि बिघडली तर पुण्याहून महाबळेश्वरला पोचेपर्यंत मनगटाचं पार पिठलं करते.

कार्बोरेटरचं तोंड २४ मिलिमीटरचं. म्हणजे पूर्ण उघडायला स्लाइड साधारण तेवढीच वर जायला हवी, जेमतेम इंचभर. मूठ पाव फेरा फिरवून ती तेवढी उचलायची असेल, तर केबल जिच्यावर गुंडाळली जाते त्या फिरकीची त्रिज्या पंधराएक मिलिमीटर येते. आता मुठीची स्वतःची त्रिज्या बघा. सोळा-सतरा मिलिमीटर, फार तर. याचा अर्थ असा की हाताला तरफेचा फायदा जवळजवळ शून्य. क्लचला लांब लिव्हर आहे, ब्रेकला आहे, पण एक्सलेटरला हात उघडाच ओढतो. केबलवर एक किलोचा ताण वाढला की तो जवळपास सगळाच्या सगळा तळव्यावर येतो.

मग फिरकी लहान का करू नये? करता येते, आणि तशा मुठी मिळतातही. त्रिज्या १० मिलिमीटर केली तर जोर एक तृतीयांशाने कमी लागतो. पण तेवढीच स्लाइड उचलायला मूठ ९०च्या ऐवजी १३५ अंशांहून जास्त फिरवावी लागते. मनगट मागे वळतं साधारण ७० अंश. म्हणजे ओव्हरटेक करताना मध्येच पकड बदलायची. रेसिंगवाले याच्या उलट जातात. फिरकी मोठी, पीळ थोडा, जोर जास्त. त्यांना वीस मिनिटंच चालवायचं असतं. बुलेटच्या मूळ फिरकीचा आकार मला या दोन टोकांमधला अगदी शहाणा मध्य वाटतो, आणि तिच्याशी खेळू नये असं माझं मत आहे.

आता केबल. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात रसाळ भाग हाच.

कोकणातल्या धक्क्यावर होडी बांधताना तांडेल दोराचे खुंटाला दोन-तीन वेढे देतो आणि उरलेलं टोक एका हाताने सहज धरून ठेवतो. लाटेने होडी कितीही ओढ घेवो. दोराने खुंटाला जितके अंश वळसा घातला तितकं घर्षण वाढतं, आणि ते बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. अठराव्या शतकात ऑयलरने या वाढीचं गणित मांडलं. धक्क्यावर हा नियम तांडेलाच्या बाजूने असतो, बुलेटवर तोच आपल्या विरुद्ध जातो. केबलचं आतलं इनर बाहेरच्या आउटरच्या प्रत्येक वळणावर घासतं.

आकडे घालून बघू. स्लाइडची स्प्रिंग दोन किलोने खाली दाबते असं धरा, आणि मुठीपासून कार्बोरेटरपर्यंत केबलची सगळी वळणं मिळून १८० अंश. केबल नीट तेलपाणी झालेली, घर्षणांक ०.१ असेल, तर मूठ उघडायला २.७ किलो लागतील. तीच केबल कोरडी, धूळ खाल्लेली, घर्षणांक ०.२ झाला, तर ३.७ किलो. आणि टाकी चढवताना कोणी केबल उलट्या बाजूने नेली, वळणांत ९० अंशांची भर पडली, तर पाचच्या पुढे. स्प्रिंग तीच, गाडी तीच, हात तोच. या हिशेबात आणखी एक मजा आहे: वळण मोठं की छोटं याने फार फरक पडत नाही, एकूण किती अंश वळलं ते महत्त्वाचं. तीन ठिकाणी हलकेच वळलेली केबल आणि एकाच जागी वळलेली केबल घर्षणाला सारखीच. आखूड वळणाचे तोटे वेगळे आहेत, तिथे आउटर चेपतो आणि इनर झिजतं.

पण खरी गंमत मूठ धरून ठेवण्यात आहे. वर २.७ किलो लागले ते उघडायला. हायवेला सत्तरच्या वेगाने जाताना मूठ नुसती धरून ठेवायची असते, आणि तिथे घर्षण अचानक आपल्या बाजूला येतं. स्प्रिंग मिटवायला ओढते, तिलाही घर्षणाशी झगडावं लागतं. तेल दिलेल्या केबलवर हाताचा जोर दीड किलोपर्यंत उतरला तरी स्लाइड जागची हलत नाही. कोरड्या केबलवर तर १.१ किलोपर्यंत. म्हणजे कोरडी केबल धरून ठेवायला सोपी! मग मनगट का दुखतं? कारण वेग कधीच स्थिर राहत नाही. पुढे ट्रक येतो, चढ लागतो, वारा फिरतो, आणि मूठ केसभर इकडे-तिकडे करावी लागते. १.१ आणि ३.७ यांच्यामध्ये अडीच किलोहून जास्त पट्टा असा आहे की हाताने जोर कितीही बदलला तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. तो पट्टा ओलांडला की स्लाइड झटक्याने सरकते, गरजेपेक्षा जास्त. मग परत. मनगट सबंध रस्ताभर या पट्ट्याच्या दोन भिंतींवर आपटत असतं. चांगल्या केबलवर हा पट्टा सव्वा किलोच्या आसपास उरतो आणि बोटाच्या पेराने केलेली सूचनाही कार्बोरेटरला ऐकू जाते.

जुन्या इंग्लिश मोटरसायकलींच्या अमाल मुठींना खालून एक स्क्रू असायचा. तो आवळला की आतली पट्टी नळीवर दाबली जायची आणि मूठ सोडली तरी जागची हलायची नाही. म्हणजे तिथे घर्षण मुद्दाम, मोजून, मालकाच्या हुकमाने आणलेलं होतं. इंग्लंडच्या मोकळ्या रस्त्यावर शनिवारी दुपारी निघालेल्या माणसाला ते वरदानच. रसिक म्हणून मला तो स्क्रू फार आवडतो. पुण्याच्या नवले पुलावर तो आवळून गाडी चालवणाऱ्याच्या मागे मात्र मी थांबणार नाही.

आपल्याकडे असाच अनुभव न मागता देणारी गाडी म्हणजे चेतक. बजाजने आकुर्डीत १९७२पासून बनवलेली ही स्कूटर व्हेस्पाच्या घडणीची. इंजिन मागच्या चाकापाशी, मूठ पुढे, आणि मधली केबल हँडलच्या डोक्यातून, स्टिअरिंगच्या दांड्याशेजारून, पायाखालच्या पत्र्यातून मागे जाणारी. वळणंही भरपूर, लांबीही भरपूर. मूठ सोडली तरी ती आपल्या सवडीने परत यायची. त्या पिढीतल्या वडीलधाऱ्यांना सिग्नलला मूठ उलट फिरवून 'बंद करायची' सवय होती, आणि ती ॲक्टिव्हावर आल्यावरही गेली नाही.

जाम मुठीचं निदान करताना आपल्याकडे 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' हा प्रकार फार. मूठ जड वाटली की केबल बदला. कोल्हापुरात एका वयस्क मिस्त्रींकडे मी हे काम होताना नीट पाहिलं. गिऱ्हाईक नवी केबल हातात घेऊनच आलं होतं. मिस्त्रींनी ती बाजूला ठेवली, आधी कार्बोरेटरची टोपी उघडून स्लाइड बाहेर काढली आणि केबल तिच्यातून सोडवली. मग वर जाऊन मूठ फिरवली. स्प्रिंग नाही, स्लाइड नाही, तरी मूठ जडच. त्यांनी स्विचच्या डबीचे दोन स्क्रू सोडले, निप्पल खाचेतून काढलं आणि नुसती नळी फिरवली. ती अडकत अडकतच फिरत होती. "केबल काय करणार यात," एवढंच म्हणाले आणि नळी खेचून काढली. हँडलच्या पाइपवर गंजाचा पट्टा, त्यावर चिकटलेलं जुनं ग्रीस आणि ग्रीसमध्ये बारीक वाळू. गाडी गणपतीपुळ्याला जाऊन आली होती, हे गिऱ्हाइकाला तेव्हा आठवलं. पाइप बारीक पॉलिश पेपरने घासला, पेट्रोलच्या फडक्याने पुसला, नळी आतून पुसली, कोरडीच चढवली. तिथे ग्रीस लावलं तर पुढच्या वाळूची सोय होते. मग मूठ टोकापर्यंत न दाबता केसभर आत ओढून बसवली, म्हणजे रबर हँडलच्या टोकाच्या वजनाला घासणार नाही. हे घासणंही अगदी नेहमीचं कारण आहे. नवी मूठ बसवणारा ती जोर लावून शेवटपर्यंत ठोकतो आणि गिऱ्हाईक वर्षभर केबलला शिव्या देतं. नवी केबल गिऱ्हाईक परत घेऊन गेलं.

ही पद्धत मला एखादी दाट कविता उलगडण्याइतकी नेमकी वाटते. एकेक भाग वेगळा करून, एकट्याला बोलायला लावून ऐकायचा. नळी एकटी मोकळी फिरते का? मग इनर दोन्ही टोकांना सुटं असताना बोटांनी मागे-पुढे सरकतं का, आणि कुठे खरखरतं? मग स्लाइड हाताने उचलून सोडली तर आपल्याच वजनाने घरंगळत खाली जाते का? ज्याचं उत्तर 'नाही' येईल तिथे दुखणं.

केबल दोषी ठरली तरी लगेच फेकायची नसते. आधी मुठीकडचं निप्पल बघावं. फिरकीच्या खाचेत ते फिरायला हवं. मूठ फिरते तसं निप्पलही आपल्या जागी किंचित फिरतं, म्हणजे तार सरळ राहते. ते कोरडं पडून खाचेत अडकलं की दर पिळाला तार निप्पलच्या तोंडाशी वाकते आणि एक दिवस तिथला एक केस तुटतो. बोट फिरवल्यावर टोचलं तर केबल गेली, तिला तेल देण्यात अर्थ नाही. टोचलं नाही तर निप्पलला ग्रीसचा एक ठिपका, आणि बाकीच्या केबलला तेल.

तेल देण्याची घरगुती रीत जुनीच आणि उत्तम आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापायचा, आउटरचं वरचं टोक त्यात घालून रबरबँडने घट्ट बांधायचं, वरच्या खोलगटात शिलाई मशीनचं तेल थोडंसं ओतायचं आणि केबल खिळ्याला टांगून रात्रभर सोडून द्यायची. खाली वर्तमानपत्र. सकाळी त्या कागदावर जो डाग पडतो तो वाचण्यासारखा असतो. काळा डाग म्हणजे नुसती झीज आणि धूळ. तांबूस डाग म्हणजे आत पाणी शिरून गंज धरला, ती केबल पावसाळा काढेल याची खात्री नाही. डागच नाही म्हणजे तेल मध्येच कुठेतरी अडलं, आउटर तिथे चेपलेला आहे. आत नायलॉनची किंवा टेफ्लॉनची नळी असलेल्या नव्या केबलींना एवढ्या लाडाची गरज नसते. घट्ट ग्रीस मात्र जुन्या-नव्या कोणत्याच केबलच्या पोटात घालू नये. थंडीत ते आकसून बसतं आणि धूळ सोडत नाही.

मग वाट. टाकी खाली ठेवताना केबल चिमटत नाही ना, मोबाइल स्टँडच्या वायरींसोबत कोणी तिला झिप टायने आवळून टाकलेलं नाही ना, उंच हँडल बसवल्यावर जुनीच आखूड केबल ताणून वापरलेली नाही ना. हौसेने सजवलेल्या बुलेटींपैकी निम्म्यांची मूठ सजावटीनेच जड झालेली असते. मुठीला दोन-तीन मिलिमीटर मोकळा फेर ठेवायचा. गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल डावीकडे, उजवीकडे शेवटपर्यंत फिरवायचं. आवाज चढला तर केबल कुठेतरी ओढली जातेय, आणि तशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

आता स्लाइड आणि स्प्रिंग. गोल स्लाइडच्या कार्बोरेटरमध्ये मूठ मिटलेली असताना इंजिनाचा व्हॅक्युम स्लाइडला इंजिनाकडच्या भिंतीवर दाबून धरतो. म्हणून पहिला केसभर पीळ नंतरच्या पिळापेक्षा जड लागतो. नव्या कार्बोरेटरात ही चिकट सुरुवात जाणवेल न जाणवेल इतकीच असते. हजारो किलोमीटर घासून स्लाइडला ओरखडे पडले, भिंतीला कड आली, की तिथे मूठ अडखळते. पेट्रोलने, कार्ब क्लीनरने धुऊन फरक पडला तर ठीक, नाही तर स्लाइड बदलावी. घासून 'सफाई' करू नये. सैल झालेली स्लाइड बाजूने हवा घेते आणि आयडलिंगचा बोऱ्या वाजतो.

स्प्रिंग कापणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दोन वेढे कापले की स्प्रिंग मऊ होते हा त्यांचा समज. होतं असं की उरलेली स्प्रिंग दर मिलिमीटरला आधीपेक्षा जास्त ताठ होते, फक्त तिचा मुळातला दाब कमी होतो. म्हणजे पूर्ण पिळावर जेमतेम फरक, आणि मिटलेल्या मुठीशी दाब एकदम खाली. अगदी जिथे स्लाइडने टक्कन बसायला हवं तिथेच तिचं बळ काढून घेतलं. सोडल्यावर न मिटणारी मूठ काय करू शकते, ते घाटात उतारावर कळतं. हलकी स्प्रिंग हवीच असेल तर मोजून बनवलेली मिळते. इटलीच्या मोटो गुझ्झी ले मॉन्सवर पंपवाल्या देलोर्तो कार्बोरेटरांच्या स्प्रिंगा मनगट तोडायच्या, आणि तिचे मालक त्या बदलून हलक्या घालत. पण दोन सिलिंडरांचे दोन कार्बोरेटर ओढायचे असताना केलेला तो उपाय आहे. बुलेटच्या एका स्लाइडला त्याची गरज पडत नाही.

एकाहून अधिक स्लाइड ओढण्याची अडचण सगळ्यात ठळक होंडाने पाहिली. १९६९ची सीबी ७५०, चार सिलिंडर, चार कार्बोरेटर, आणि सुरुवातीच्या गाड्यांत एका मुठीतून फुटणाऱ्या चार केबली. चार स्प्रिंगा आणि चौपट घासणं, सगळं एका मनगटावर. पुढच्याच मॉडेलला त्यांनी चारही स्लाइड एका दांडीला जोडल्या आणि दोन केबली दिल्या, एक उघडायला, एक ओढून मिटवायला. मला यातली दुसरी केबल जास्त हुशार वाटते. मिटण्याची जबाबदारी एकट्या स्प्रिंगवरून काढली, की स्प्रिंग मऊ ठेवता येते आणि भीतीही राहत नाही. पुढे व्हॅक्युमवर स्लाइड उचलणारे कार्बोरेटर आले आणि हाताकडे फक्त एक पातळ पाकळी फिरवण्याचं काम उरलं. मूठ लोण्यासारखी झाली, पण पीळ आणि धक्का यांच्यात एक हलकासा विचार शिरला, आणि जुन्या बुलेटवाल्याला तो लगेच कळतो.

आता तर केबलच नाही. यामाहाने २००६च्या आर सिक्सला पाकळी मोटरने फिरवली, तरी मुठीपासून सेन्सरपर्यंत केबल ठेवली होती. २०२३च्या हिमालयन ४५०मध्ये तीही गेली. आता मुठीतच एक स्प्रिंग आहे आणि हाताला 'काहीतरी ओढतोय' असं वाटावं म्हणून मुद्दाम मोजून ठेवलेलं घर्षण. अमालच्या त्या स्क्रूचा नातूच म्हणा. जड होण्याचा प्रश्न नाही, तेलाचा नाही. मी ती चालवली, आवडली, आणि तिच्या मुठीबद्दल सांगण्यासारखं मला फारसं सापडलं नाही.

एवढं सगळं करून मूठ मोकळी झाली आणि तरी मनगट दुखतंच, तर गाडी सोडून हाताकडे बघावं. पुष्कळ जण मूठ मिटलेली असताना मनगट सरळ ठेवून पकडतात. मग क्रूझिंगला पीळ दिला की मनगट मागे मोडतं आणि शंभर किलोमीटर तसंच राहतं. पकडताना मनगट थोडं पुढे झुकवून, कोपर खाली सोडून पकडलं, तर नेहमीच्या वेगाला ते आपोआप सरळ येतं. ब्रेकचा लिव्हर फार वर केलेला असेल तर तोही खाली आणावा. मूठ आवळून धरायची नसते, करंगळी आणि अनामिकेने धरून बाकीची बोटं सैल ठेवता येतात. तळव्याने दाबायची ती प्लॅस्टिकची पट्टी मिळते, मोकळ्या हायवेला बरी, पण खड्ड्यात तळवा आपटला की गाडी पुढे उडी घेते, म्हणून शहरात ती काढून ठेवावी. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर बहुधा तळव्याच्या बाहेरच्या कडेवर दाब येतोय, पकड बदलून बघावं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट झिणझिणत असतील, रात्री झोपेतही जाग येत असेल, तर तो दाब मनगटातल्या मधल्या नसेवर आहे. त्याला मिस्त्री उपयोगाचा नाही, हाडांच्या डॉक्टरांची वेळ घ्यावी.